आधी कोणी बोलायचं?

आमचं केम हे कुंकवाचं गाव. जिल्हा सोलापूर, तालुका करमाळा, पुणे-सोलापूर लोहमार्गावरचं स्टेशन. इथलं कुंकू पंढरपूरला जातं आणि तिथून कुणाच्या कपाळी लागतं ते पांडुरंगालाच ठाऊक. हळद मुळात पिवळी. चुन्याशी गाठ पडली की लाल होते. माणूसही चुना लागला की लालच होतो, पण त्याचं कुंकू होत नाही, भाऊबंदकी होते. आमच्या घरी तीच झाली.

वाटणी मात्र अगदी न्यायानं झाली. न्याय म्हणजे इतका, की कॉम्प्युटर धाकट्या बापूला गेला आणि लेबलं छापायचा प्रिंटर थोरल्या अण्णांना. मी मधला, पुण्यात नोकरीला. माझ्या वाट्याला दोघांची गाऱ्हाणी आली. अंगणात भिंत उठली. लेबलं दोघांनाही लागायची, म्हणून बापूचा मुलगा मजकूर पेनड्राइव्हमध्ये घालून भिंतीला वळसा मारायचा आणि छापलेले गठ्ठे घेऊन परत यायचा. अकरा वर्षं त्यानं हा वकिलातीचा कारभार सांभाळला. मग तो पुण्याला कॉलेजात गेला आणि गेल्या दिवाळीत आला तो भिंतीला भोक पाडायची परवानगी मागतच.

"काका, दोन्ही घरांना मिळून एकच इंटरनेट घेऊ. मधी फायरवॉल बसवतो."

"अरे, वॉल आहे की मधे! आणखी कशाला?"

त्यानं समईच्या कोनाड्यात एक जुना कॉम्प्युटर बसवला. त्याला तीन वायरी : एक बाहेरच्या जगाकडे, एक बापूकडे, एक अण्णांकडे. हे काय करतं म्हणून विचारल्यावर त्यानं जे सांगितलं ते ऐकून मला आमचे आजोबाच आठवले. वाड्यात माणसं चौदा, पण पोस्टाला पत्ता एकच. कोणी कोणाला पत्र धाडलं ते आजोबांच्या ध्यानात असायचं. उत्तर आलं की ज्याचं त्याला पोचायचं. न विचारता आलेलं पत्र मात्र उंबऱ्यावरूनच परत. हे यंत्र तेच करतं. जगात इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते सारे मिळून सुमारे 429 कोटी. ते पुरायचे नाहीत हे ध्यानात आल्यावर 1994 साली ही एका पत्त्यामागं अख्खा वाडा लपवायची युक्ती कागदावर आली, आणि 1996 साली 192.168 वगैरे आकडे घरगुती वापरासाठी राखून ठेवल्याचं पक्कं झालं. म्हणजे केमच्या आमच्या कॉम्प्युटरचा नंबर न्यूयॉर्कमधल्या एखाद्या कॉम्प्युटरचाही असू शकतो. घरात बाळू आणि शेजारीही बाळू, तसं.

इतकं करून प्रिंटर ढिम्म. पोरगा बापूच्या कॉम्प्युटरवरून हाका मारत बसला. या हाकेला 'पिंग' म्हणतात. हाक जायची, उत्तर येईना.

पहिला घोटाळा नावाचाच निघाला. अण्णांच्या बाजूला नवे नंबर 192.168.2 नं सुरू होणारे दिले होते, पण प्रिंटरच्या पोटात कोणे एके काळी हातानं घातलेला 192.168.1 चा नंबर तसाच होता. बापूच्या बाजूचे नंबरही त्याच आकड्यांचे. तेव्हा कॉम्प्युटर समजायचा, की प्रिंटर आपल्याच घरात आहे. तो घरातच हाका मारायचा, दाराकडे जायचाच नाही. वाटणी झाल्याचं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं! (खरं सांगायचं तर मला त्याचं कौतुक वाटलं.)

नंबर बदलला. तरी उत्तर नाही. आता प्रिंटरला हाक ऐकू जात होती, पण परक्या घराला उत्तर द्यायचं तर कुठल्या दारानं, ती जागा त्यात कोरी होती. कोनाड्याचा पत्ता तिथं भरला, आणि उत्तर आलं.

तोवर पलीकडून वहिनींचा आवाज, "अरे, माझं कीर्तन बंद पडलंय मोबाइलवरचं!"

पोरानं डोक्याला हात लावला. म्हणाला, "काका, बापूंच्या बाजूला कुणाशीही बोलायची मुभा आपोआप मिळाली. अण्णांच्या बाजूला नियमच घातला नाही मी. नियम नसला की हे यंत्र सगळं अडवतं. त्यांनी आधी बोलायचं नाही. कुणी विचारलं तर उत्तर मात्र देता येतं."

मी हसलो, आणि मग हसू थांबलं. कारण गेली अकरा वर्षं अण्णा मला नेमकं हेच सांगत आलेत. "माझं काही नाही रे. तो बोलला तर मी का नाही बोलणार?" आणि बापूही हेच म्हणतो, शब्दही बदलत नाही. आता मला सांगा, यात खोटं कोण बोलतोय? दोघेही उत्तर द्यायला एका पायावर तयार. दोघांचंही दार उघडं, फक्त आतून. विचारल्यास उत्तर देणारा माणूस निर्दोष धरायचा की नाही? यंत्राचं एक वेळ ठीक. चोराचिलटांच्या भीतीनं त्याला तसं शिकवलेलं असतं. आजोबांचंही मी समजू शकतो. पण घरातल्या चौदांपैकी एकानंही ज्याला कधी पत्र टाकलं नाही त्याला आजोबांनी उंबऱ्यावरून परत लावलं, तर ते पाप एकट्या आजोबांचं कसं? आणि मी? दोघांशी बोलत होतो अकरा वर्षं. एकाचं वाक्य दुसऱ्याकडे पोचवलं असेन, तर फक्त गाऱ्हाण्याचं.

पोरानं वहिनींच्या कीर्तनापुरता नियम घातला. मग बापूला म्हणाला, "बघा आता, काहीतरी छापायला पाठवा."

बापू बराच वेळ कीबोर्डकडे बघत बसला. मग एका बोटानं टिपत त्यानं लिहिलं : "अण्णा, कागद आला का?"

भिंतीपलीकडे प्रिंटर घरघरला. मग शांतता. इतकी, की स्टेशनवरून गाडी सुटलेली ऐकू आली.

मग वहिनींना उद्देशून, पण भिंतीच्या उंचीला पुरेल अशा आवाजात अण्णा म्हणाले, "त्याला म्हणावं, आला. शाई संपत आलीय."