खुर्ची तहहयात असावी का?

१८ सप्टेंबर २०२० ची ती बातमी अमेरिकेतल्या बहुतेक वाचकांना आठवत असेल. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग ८७व्या वर्षी गेल्या आणि शोक करायलाही उसंत न देता त्यांच्या जागेचे राजकारण सुरू झाले. २६ ऑक्टोबरला, निवडणुकीच्या आठवडाभर आधी, एमी कोनी बॅरेट यांच्या नेमणुकीवर सिनेटचे शिक्कामोर्तबही झाले. कोट्यवधी लोकांचे हक्क एका वृद्ध व्यक्तीच्या प्रकृतीवर अवलंबून असावेत, हे तुम्हाला पटते का?

इथल्या राज्यघटनेने न्यायाधीशांना ‘वर्तन चांगले असेपर्यंत’ पद दिले, म्हणजे व्यवहारात तहहयात. हेतू चांगलाच होता: पद जाण्याची भीती नसलेला माणूस राष्ट्राध्यक्षाविरुद्धही निकाल देईल. पण त्यामुळे नेमणुका नशिबाच्या झाल्या. जिमी कार्टर यांना चार वर्षांत या न्यायालयावर एकही न्यायाधीश नेमता आला नाही. ट्रम्प यांनी पहिल्याच चार वर्षांत तीन नेमले.

यावर अठरा वर्षांच्या मुदतीचा उपाय सुचवला जातो. जागा नऊ; दर दोन वर्षांनी एक रिकामी, म्हणजे प्रत्येक राष्ट्राध्यक्षाला चार वर्षांत दोन नेमणुका.

तुम्ही म्हणाल, भारतात ६५व्या वर्षी निवृत्ती आहेच की! आहे, पण पुढची वाट मोकळी आहे. सरन्यायाधीश सदाशिवम २०१४ मध्ये निवृत्त झाले आणि त्याच वर्षी केरळचे राज्यपाल झाले. रंजन गोगोई निवृत्तीनंतर चार महिन्यांत राज्यसभेवर गेले. यामुळे त्यांचे निकाल बदलले, असे माझे म्हणणे नाही. पण हरलेल्या पक्षकाराच्या मनात शंकेला जागा राहते आणि न्यायालयाला तेवढेही परवडत नाही.

भीती जशी न्याय वाकवते, तशी आशाही वाकवते. म्हणून नुसती मुदत पुरेशी नाही. एकच दीर्घ मुदत, फेरनेमणूक नाही, नंतर कोणतेही सरकारी पद नाही आणि सन्मानाने जगता येईल एवढे निवृत्तिवेतन, हे सारे एकत्र हवे. जर्मनीच्या घटना न्यायालयात बारा वर्षांची एकच मुदत असते; तिथल्या न्यायाधीशांचे स्वातंत्र्य त्याने कमी झालेले नाही.

आपल्यासाठी हा दूरचा वाद नाही. १९२३ मध्ये याच न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीय माणूस इथला नागरिक होऊ शकत नाही असा निकाल दिला आणि आधी नागरिक झालेल्या कित्येकांचे नागरिकत्व गेले. एवढी सत्ता ज्यांच्या हाती आहे, त्यांनी ती कधी खाली ठेवायची, हे त्यांच्या मर्जीवर किंवा मृत्यूवर का सोडावे?