दहावा कर्णा

ध्वनिमिश्रण करणारा तंत्रज्ञ गायिकेचा स्वर पुढें आणतांना तबला किंचित् उतरवितो. सगळेंच चढविलें तर कांहींच नीट ऐकूं येत नाहीं, हें तो जाणतो. घाटकोपर-अंधेरीच्या गल्ल्यांत उत्सवकाळीं त्या आसनावर कोणीच नसतें. २००० सालच्या नियमांनीं निवासी भागांत दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा घातली. ती परिसरांतील एकूण ध्वनीची, पण जो तो ती आपल्या एकट्याची समजतो. समजा, दहा कर्ण्यांचा प्रत्येकीं ५५ डेसिबलचा ध्वनि एका खिडकीशीं पोंचला, तर एकत्र ६५ होतो. त्यांतला एक बंद केल्यास अर्धा डेसिबलहि उतरत नाहीं. "मग माझ्या एकट्याच्या थांबण्यानें काय साधणार?" हा प्रश्न गणितांत बिनतोड, पण दहाहि जण तोच विचारतील, तर आंतल्या रुग्णानें दाद मागावी कोणाकडे? खिडकीशीं येणाऱ्या ध्वनिशक्तीचा दहावा हिस्सा ज्याचा ज्याचा, त्या प्रत्येकाकडे, असें मी म्हणेन.