स्टेटमेंट ऑफ पर्पज

गेल्या डिसेंबरात आमच्या घरी दोन पानांच्या एका निबंधावरून दोन दिवस अबोला होता.

लेकीला समुद्रविज्ञानात पीएच.डी. करायची आहे. (“म्हणजे पुढे नोकरी कसली?” हे गणपतीच्या प्रसादाच्या रांगेत आम्हाला निदान पाच जणांनी विचारलं.) पहिला अर्ज एमआयटी आणि वुड्स होल या संस्थांच्या संयुक्त अभ्यासक्रमासाठी; तो १९६८ पासून चालू आहे. मार्क, शिफारसपत्रं, आणि शिवाय हा निबंध: या विषयाकडे का वळलात ते सांगा.

तिनं खरं ते लिहिलं होतं. कॉलेजात उन्हाळी काम हवं होतं, एका प्रयोगशाळेत जागा रिकामी होती. काम काय, तर समुद्रतळाच्या गाळातून फोरामिनिफेरा नावाच्या जिवांची कवचं ओल्या ब्रशनं एकेक वेचायची. वाळूच्या कणाएवढी कवचं, पण त्यांतल्या जड आणि हलक्या ऑक्सिजनच्या प्रमाणावरून लाखो वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तापमानाचा माग काढता येतो. वेचता वेचता तिला गोडी लागली.

मी म्हटलं, “जागा रिकामी होती म्हणून? असं कोणी लिहितं का? आजोबांचं लिही. वेंगुर्ला, होड्या, रापण.”

“बाबा, आजोबा शाळामास्तर होते. आणि पाण्याला घाबरायचे, तुम्हीच सांगितलंत.”

माझं म्हणणं असं, की यात एकही वाक्य खोटं नाही. आजोबा वेंगुर्ल्याचे, समुद्र घरापासून दहा मिनिटांवर, ही लहानपणी तिथे जाऊन आली. वाचणाऱ्यानं पुढचं चित्र स्वतःच रंगवलं तर दोष आपला कसा? बोलता बोलता मलाच अश्वत्थामा आठवला. धर्मराजही अक्षरशः खोटं बोलला नव्हता. तरी जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकलाच.

मग मी विचारलं, यात नुकसान कोणाचं? ती म्हणाली, इथे पीएच.डी.च्या मुलांची फी आणि विद्यावेतन बहुधा विद्यापीठ किंवा संशोधनाचा निधी देतो, म्हणून जागा मोजक्याच. “ज्याच्या आजोबांनी खरंच रापण ओढली, त्याची जागा मी घेऊ?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी चिडलो.

खरं कारण निराळं होतं. १९८६ साली माझ्या अर्जात मी लिहिलं होतं, की शिकून मायदेशी परत जाईन आणि तिथे शिकवीन. (शिफारसपत्राचा मजकूरही मीच टाइप केला, सरांनी नुसती सही केली. तेव्हा आमच्यात बरेच जण तसं करत.) वचन मोडणं आणि खोटं बोलणं एक नव्हे, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. पुढच्या गोष्टी माणूस मनापासून बोलतो, मग परिस्थिती बदलते. घडून गेलेल्याला ती सवलत नाही. हे मला आजही पटतं. पण ते वाक्य लिहिताना परत जायचं खरोखर माझ्या मनात होतं का? आठवत नाही. एवढं आठवतं, की ते वाक्य मी एका सीनियरच्या अर्जात वाचलं होतं.

लेकीनं अर्ज होता तसाच पाठवला. परवा म्हणाली, “बाबा, तुमचा तेव्हाचा निबंध आहे का? वाचायचाय मला.”

कार्बन कॉपी बेसमेंटमधल्या फायलीत आहे. शोधतो, असं म्हणालो आहे.