रोजच्या कामातला रस

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जळगावकडच्या या शेतकरी बाईंचा दिवस दळणकांडण, चूल आणि शेत यांतच जायचा. पण जात्यावर बसल्या की ओव्या सुचायच्या. सुगरणीचा खोपा, विहिरीवरची मोट, तव्यावरची भाकरी, सगळं त्यांत यायचं. त्यांचा मुलगा सोपानदेव यांनी आईच्या या ओव्या जपल्या आणि १९५२ साली त्यांचं पुस्तक निघालं.

बहिणाबाईंचं काम रोजचंच होतं, पण त्यांचं सगळं लक्ष त्यात असायचं. आपण मात्र चहा पितो मोबाइलकडे बघत; आलं घातलंय की गवती चहा, कळतही नाही. आज निदान मेथी निवडताना फक्त मेथीच निवडू या. जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याची दोन मिनिटं विचारपूस करू या. संध्याकाळी घरी सांगण्यासारखं काहीतरी नक्की असेल.