निरोगी धमनीवरची सुरी

बायपास शस्त्रक्रियेत हृदयाच्या धमनीतला अडथळा जागच्या जागी राहतो. त्याला वळसा घालून रक्ताला नवी वाट करून दिली जाते. त्यासाठी धमनी वापरायची असेल, तर ती रुग्णाच्याच शरीरातून घेतात. कधी ती छातीच्या मधल्या हाडाशेजारून आतल्या बाजूने जाणारी अंतर्वक्ष धमनी असते, कधी मनगटावर नाडी पाहतात ती रेडिअल धमनी. दोन्ही निरोगी असतात. आजारी भागासाठी निरोगी भागावर सुरी चालवणे ही हिंसा ठरते का?

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात हिंसेची व्याख्या प्रमादाशी बांधलेली आहे: प्रमादयुक्त वर्तनातून झालेला प्राणांचा घात म्हणजे हिंसा. गांधीजींनीही 1928 साली साबरमती आश्रमातील वेदनेने तळमळणाऱ्या वासराला मारल्याच्या प्रकरणात शल्यविशारदाचा दाखला दिला. त्याची सुरी त्यांच्या मते अहिंसेचेच काम करते. मात्र हेतू चांगला असला की भागले, असे उमास्वातींच्या व्याख्येतून निघत नाही. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, आणि सद्हेतूच्या माणसाकडूनही तो घडतो. त्यामुळे अवजाराची निवड हा निव्वळ तांत्रिक प्रश्न उरत नाही.

धमनी सोडवताना तिला फुटलेल्या बारीक शाखा एकेक करून बंद कराव्या लागतात. साधी कात्री आणि धातूच्या क्लिपा वापरल्या तर उष्णतेची इजा होत नाही, पण वेळ लागतो. विजेवर चालणारी कॉटरी झटपट काम करते; शाखा जळते, धूर निघतो, पण आच शेजारच्या भिंतीपर्यंत पोचू शकते. हार्मोनिक स्कालपेलचे पाते सेकंदाला सुमारे 55,500 वेळा कंप पावते. त्या कंपनाने ऊतींतील प्रथिने गोठतात आणि शाखा मिटते. रुग्णाच्या शरीरातून वीज जात नाही, उष्णताही कॉटरीपेक्षा कमी असते. तरी पाते धमनीला फार खेटले किंवा एका जागी फार वेळ राहिले, तर तेही भाजते. शिवाय ते महाग आहे, आणि खर्चाचा भार रुग्णावर पडतो तेव्हा हाही नैतिक विचाराचाच भाग ठरतो.

रेडिअल धमनीचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. 1970च्या दशकाच्या आरंभी फ्रान्समध्ये शल्यविशारद कार्पेंतिए यांनी ती बायपाससाठी वापरली. पण ती आकसून बंद पडू लागल्याने वापर थांबला. 1992 साली आकार नावाचे शल्यविशारद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला पुन्हा मान मिळवून दिला. मधल्या काळात धमनी बदलली नव्हती. तिला आजूबाजूच्या ऊतींसकट हळुवार सोडवणे, सळई घालून न ताणणे आणि आकुंचन रोखणारी औषधे देणे, हा बदल झाला होता. आधी धमनीच्या माथी मारलेल्या दोषाचा मोठा वाटा हाताळणीचा होता.

सावधपणा सुरी उचलण्याआधीच सुरू होतो. रेडिअल धमनी काढल्यावर पंजाला दुसऱ्या धमनीतून पुरेसे रक्त मिळेल का, हे आधी तपासतात. मधुमेही रुग्णाच्या दोन्ही अंतर्वक्ष धमन्या घ्यायच्या असतील, तर छातीच्या हाडाचा रक्तपुरवठा शक्य तितका राखावा लागतो. नाहीतर जखम चिघळण्याचा धोका वाढतो. ज्या भागाकडून घेतले, त्याचीही काळजी अहिंसेत येते.

सुश्रुतसंहितेत 101 यंत्रे सांगितली आहेत आणि त्यांत हाताला सर्वप्रधान मानले आहे, कारण हाताशिवाय कोणतेच यंत्र चालत नाही. पाते बदलले तरी प्रमाद किंवा अप्रमाद त्या हाताचाच असतो. निरोगी धमनीवरची जखम हिंसा ठरते की सेवा, हे तोच ठरवतो.