गंजाची साक्ष

आमच्याकडे जुन्या शस्त्राविषयीं जितका अभिमान आढळतो तितकी जिज्ञासा आढळत नाहीं. ज्या घरांत एखादी जुनी तलवार आहे त्या घरांत ती कोणी गाजविली हें लहान मुलालाही तोंडपाठ असतें. परंतु तिचें पातें कोठें घडलें, मूठ त्याच वेळची आहे कीं मागाहून बसविलेली, पात्यावरच्या खुणा कशाच्या, हे प्रश्न कोणी कोणास विचारलेले नसतात. विचारणें हा उद्धटपणा समजला जातो. देवाचें जसें वय विचारीत नाहींत तसें पूजेंतल्या शस्त्राचेंही विचारूं नये, अशी एक न बोललेली समजूत आहे. ही समजूत कितपत योग्य आहे, आणि जी वस्तु आपण पूज्य मानतों तिच्या खरेपणाची चौकशी करणें हा तिचा अधिक्षेप आहे कीं तिच्याविषयींचें कर्तव्य आहे, याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

उत्तर कोंकणच्या किनाऱ्याला हा प्रश्न केवळ पुस्तकी नाहीं. वसईपासून डहाणूपर्यंत केळवें, माहीम, शिरगांव, तारापूर अशी किल्ल्यांची माळच आहे. चिमाजी आप्पांच्या १७३७ ते १७३९ च्या मोहिमेंत हा मुलूख पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला. १७३९ च्या जानेवारींत तारापूरच्या हल्ल्यांत बाजी भिवराव पडले. त्याच वर्षीं मे महिन्यांत वसई हस्तगत झाली. अशा मुलखांत घरच्या जुन्या तलवारीला ‘तारापूरची’ किंवा ‘वसईची’ म्हणण्याची ओढ असावी यांत नवल नाहीं. पालघर तालुक्यांतील माकुणसार या गांवीं अशीच एक तलवार आम्हांस पाहावयास मिळाली. पातें लांब व सरळ, त्यांतून दोन अरुंद पन्हळी गेलेल्या. मूठ मात्र अस्सल दख्खनी, बोटांवरून वळलेली परज आणि मुठीच्या तळाशीं बाहेर आलेला लोखंडी सुळा असलेली. मुठीजवळ पात्यावर परक्या लिपीचीं तीनचार अक्षरें होतीं, तींही अर्धवट. पूर्वजानें तारापूरच्या तटावर एका फिरंगी सरदारास लोळवून ती घेतली, अशी घरची हकीकत. दर दसऱ्याला चिंच व राख लावून ती लखलखीत घासतात, हेंही आम्हांस मोठ्या कौतुकानें सांगण्यांत आलें. तेव्हां माजघराच्या दारांत बसलेल्या आजी म्हणाल्या, “माझ्या सासूबाईंच्या वेळीं हीं अक्षरें बोटाला लागत असत.”

त्या वाक्यानें आम्ही विचारांत पडलों. पिढ्यान्‌पिढ्या त्या घरानें शस्त्राची सेवा केली, आणि त्या सेवेनेंच शस्त्राची वाचा हळूहळू पुसून टाकली. किनाऱ्याची खारी हवा लोखंडाला शत्रु असतेच. पण त्या हवेनें जें केलें नसतें तें प्रेमानें केलें.

आतां कोणी म्हणेल कीं, अक्षरें शाबूत असतीं तर हकीकत सिद्ध झाली असती. तसेंही नाहीं. आपण ज्या तलवारीला फिरंग म्हणतों तिचें नांवच तिच्या परदेशी पात्यावरून पडलें आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपांत घडलेलीं पातीं व्यापारी माल म्हणून हिंदुस्थानच्या बंदरांत उतरत, आणि दख्खनचे कारागीर त्यांना आपल्या पद्धतीची मूठ बसवीत. म्हणजे परदेशी पातें घरांत असण्यास लढाईच झाली पाहिजे असें नाहीं, सौदाही पुरतो. शिवाय परदेशी पात्याला गिऱ्हाईक फार, म्हणून येथील लोहार स्वतःच्या पात्यांवर परक्या कारखान्यांच्या खुणा उठवूं लागले. समोरासमोरच्या दोन दातेरी चंद्रकोरी किंवा इटलींतील जिनोआ शहराचें नांव हीं त्यांतलीं नेहमींचीं. हा खोटेपणा एकट्या आमच्या बाजाराची मिरास नव्हे. जर्मनींत पासाउ गांवच्या पात्यांवर लांडग्याची खूण असे; ती प्रसिद्ध झाल्यावर झोलिंगनच्या कारागिरांनींही तोच लांडगा आपल्या पात्यांवर सोडला. तेव्हां माकुणसारचीं अक्षरें पुरतीं असतीं तरी त्यांनीं फार तर पात्याचा बाजार सांगितला असता. तारापूरच्या तटाविषयीं तीं मुकीच राहिलीं असतीं.

परंतु ‘सिद्ध होत नाहीं’ आणि ‘खोटें आहे’ या दोन गोष्टींत जें अंतर आहे तें विसरण्याची खोड आमच्या नव्या शिकलेल्या मंडळींना फार आहे. एखाद्या आजोबांची कथा कागदानें सिद्ध झाली नाहीं कीं हे लोक ती हंसण्यावारी नेतात. वस्तूची साक्ष बहुधा नकारार्थी असते. यंत्रावर पातळ केलेल्या पत्र्याचें पातें निघालें तर तें तारापूरला नव्हतें एवढें नक्की होतें. पण पातें जुनें निघालें म्हणून तें तेथें होतेंच असें होत नाहीं, आणि नव्हतें असेंही होत नाहीं. येथें खरा परीक्षक थांबतो. थांबतां येणें हेंच त्याच्या विद्येचें अर्धें अंग आहे.

एप्रिल २०२५ मध्यें लंडनच्या सॉदबीज संस्थेच्या लिलावांत नागपूरकर पहिले रघोजी भोसले यांची म्हणून एक तलवार आली. महाराष्ट्र शासनानें सुमारें ४७ लाख रुपये खर्चून ती मिळविली आणि ऑगस्टांत ती मुंबईस पोंचली. तिचें पातें युरोपीय, सरळ व एकधारी, मूठ मराठी, पात्याच्या पाठीशीं सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघोजींचें नांव व ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब, आणि त्यांतच ‘फिरंग’ हा शब्द. पातें एका देशाचें, मूठ दुसऱ्याची, आणि लेख मालकाचा. मग ही तलवार कोणत्या देशाची म्हणावी? मिलिंदप्रश्नांत नागसेन राजाला विचारतो कीं, चाक म्हणजे रथ काय, आंस म्हणजे रथ काय, जूं म्हणजे रथ काय? राजाला प्रत्येक वेळीं नाहीं म्हणावें लागतें, आणि तरी तो रथांतूनच आलेला असतो. जुन्या तलवारीचें असेंच आहे. पातें झिजलें म्हणून बदललें, मूठ मोडली म्हणून नवी बसविली, म्यान तर पिढीगणिक नवें. ‘अस्सल’ हा शब्द संबंध तलवारीला लावण्याचा हट्टच मुळांत चुकीचा आहे. कोणता भाग केव्हांचा एवढेंच विचारतां येतें.

ही विद्या ज्यांनीं परमावधीस नेली ते जपानी लोक. त्यांच्या तलवारीची मूठ बांबूच्या एका खुंटीवर टिकलेली असते. खुंटी काढली कीं मूठ सुटते आणि मुठींत दडलेला पात्याचा शेपटा दिसतो. घडविणाऱ्याची सही असलीच तर तेथें असते. या शेपट्यावरचा गंज कधींही काढावयाचा नाहीं, असा त्यांचा कडक दंडक आहे. बाकीचें पातें आरशासारखें ठेवणारे हे लोक एवढ्या भागाला हात लावीत नाहींत, कारण शतकांचा गंज गडद व घट्ट असतो, आणि त्यांत कोणी मागाहून सही कोरली तर कोरलेल्या रेघेंतला गंज आजूबाजूच्या गंजाशीं जुळत नाहीं. गंज हाच तेथें साक्षीदार. आमच्याकडे शेपटा लाखेनें मुठींत बसविलेला असतो. तो पाहावयाचा तर लाख तापवावी लागते, आणि हौशी हातानें आंचेवर धरली तर पात्याचें पाणी उतरण्याची भीति. म्हणून आमच्या तलवारीचा हा साक्षीदार बहुधा पडद्याआडच राहतो.

मौज अशी कीं, सहीवर एवढा पहारा असूनही जपानी परीक्षक सहीला शेवटचें स्थान देतो. आधीं पात्याचा बांक, मग पोलादाचा पोत, मग धारेलगत पाणी देतांना उमटलेली धूसर रेघ, आणि मग सही. नामांकित कारागिराच्या नांवानें खोट्या सह्या कोरणें हा तेथें शतकानुशतकें चाललेला धंदा होता. त्यांचा सर्वांत विख्यात घडवय्या मासामुने. पण त्याच्या म्हणून मानलेल्या बहुतेक पात्यांवर सहीच नाहीं. होनामी नांवाच्या परीक्षक घराण्यानें तीं त्याचीं ठरविलीं. आणि सरदारांना एकमेकांस नजर करावयास अशा तलवारी हव्या असत, तेव्हां ठरविणाराचा हात कांहींसा सैल झाला असावा, असा संशय पुढच्या अभ्यासकांनीं घेतला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तर मासामुने हा थोर कारागीर होता कीं नाहीं, यावरच तेथें वाद माजला. तरीही त्या तलवारींचें पोलाद हिणकस झालें नाहीं. नांव डळमळलें, वस्तु होती तशीच राहिली.

आमच्या लोकांचा या तलवारींशीं दुसराही संबंध आला आहे. मार्च १९४४ मध्यें मणिपूरच्या डोंगरांत सांगशाक येथें पांचव्या मराठा पलटणीची चौथी बटालियन जपान्यांशीं झुंजली, आणि १९४५ च्या शरणागतींत जपानी अधिकाऱ्यांनीं आपल्या तलवारी विजेत्यांच्या स्वाधीन केल्या. त्यांतल्या पुष्कळशा कारखान्यांत घाऊक घडविलेल्या होत्या. पण कांहीं अधिकाऱ्यांनीं वडिलोपार्जित पातेंच लष्करी मुठींत बसवून नेलें होतें. बाहेरून दोन्ही सारख्याच. कोणाच्या घरचें कुलदैवत कोणाच्या घरीं शोभेची वस्तु होऊन बसलें, हें खुंटी काढून पाहिल्याशिवाय त्या घरालाही कळणार नाहीं.

आमच्या इकडील थोर शस्त्रांविषयीं बोलतांना मात्र आम्ही खुंटीपर्यंत जातच नाहीं. भवानी तलवार लंडनला आहे कीं साताऱ्याला, यावर आमच्या येथें पिढ्यान्‌पिढ्या भांडण झालें. १९८० च्या सुमारास ती विलायतेहून परत आणण्याची घोषणाही झाली. लंडनच्या राजसंग्रहांतील तलवार ‘जगदंबा’ या नांवाची असून ती १८७५-७६ च्या दौऱ्यांत कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडून युवराज एडवर्ड यांना नजर झाली होती. वाद बहुतेक इमारतींचा झाला. पात्याचा फार थोडा. वाघनखांचेंही तेंच. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानें २०२४ च्या जुलैंत जीं वाघनखें तीन वर्षांकरितां महाराष्ट्रास पाठविलीं, तीं ग्रँट डफ याच्या घराण्याकडून आलेलीं. शिवाजी महाराजांनीं ज्यांनीं मोंगल सेनापतीला मारलें तींच हीं, असें म्हणणारा लेख त्यांच्या पेटीवर आहे. अफझलखान मोंगलांचा नव्हता, विजापूरकरांचा होता! तींच हीं असें खात्रीनें सांगतां येत नाहीं, हें खुद्द संग्रहालयच म्हणतें. पण त्या लेखाचा एक गुण आहे: तो पेटीवर आहे. कथा चुकली असेल तर पेटी चुकली. पोलादाला कोणी बोलावयास लावलेलें नाहीं.

हें आम्हांस सुचलें तें माकुणसारच्याच घरीं. त्या घरच्या थोरल्या चिरंजीवांचा बेत असा कीं, पुसट अक्षरें एखाद्या कारागिराकडून पुन्हा खोल करून घ्यावीं, आणि दुसऱ्या अंगाला पूर्वजांचें नांव व ‘तारापूर’ हा शब्द देवनागरींत कोरावा. विकण्याचा हेतु बिलकुल नाहीं. मुलांना विसर पडूं नये एवढाच. हेतु इतका निर्मळ असल्यामुळें प्रश्न अवघड होतो. लबाडाच्या खोट्या लेखाविषयीं दुमत कोण करील? परंतु प्रामाणिक माणसानें, जें तो खरें मानतो तेंच, आपल्या वस्तूवर लिहिलें तर त्यांत काय बिघडलें?

आमच्या मतें बिघडतें. पूजा करणारा ‘ही आमची’ म्हणतो; त्याला पुराव्याची गरज नाहीं, आणि ती मागणें हा खरोखरच उद्धटपणा आहे. ‘ही तारापूरची’ म्हणणारा मात्र साक्ष देतो, आणि साक्षीला प्रेमाची सबब चालत नाहीं. आज कोरलेला लेख चिरंजीवांना नवा म्हणून ठाऊक आहे, त्यांच्या नातवाला तो जुना वाटेल, आणि त्या नातवाच्या नातवाला तो पुरावा वाटेल. ज्यानें कोरला त्यानें खोटें सांगितलें नाहीं, तरी तलवार खोटें सांगूं लागली. शिवाय खोल केलेलीं अक्षरें म्हणजे आजच्या कारागिरानें आपल्या समजुतीनें लिहिलेलीं अक्षरें; मूळचें उरलेंसुरलें रूपही त्यांत जावयाचें. हें आम्ही आमच्या परीनें सांगितलें, पण आजींनीं तें आमच्याहून थोडक्यांत सांगितलें. “नांव कोरायचं तर पाटावर कोरा,” त्या म्हणाल्या, “तो आपणच केलाय.”

राहतां राहिली निगा. ती सोपी आहे, म्हणूनच कोणी करीत नाहीं. चिंच, लिंबू, राख व वीट हीं पात्याला कधींही लावूं नयेत. त्यांनीं लेख जातो, आणि पोलाद जौहरदार असेल तर त्यावरच्या पाण्याच्या लहरीही जातात. जपानांत पात्याला दगडावर उजळा देणाराची विद्या वर्षांनुवर्षें शिकावी लागते, आणि तोही प्रत्येक उजळ्यागणिक थोडें पोलाद खातो. उघड्या पात्याला बोट लावूं नये. घामाचा डाग दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत गंज होऊन बसतो. मऊ, कोरड्या सुती कापडानें पुसून यंत्राच्या निर्मळ तेलाचा अगदीं पातळ हात फिरवावा. खोबरेल किंवा तूप नको. तें खवट होऊन चिकटतें. किनाऱ्याच्या गांवीं पावसाळ्यांत महिन्यांतून एकदां तरी उघडून पाहावें. चामड्याच्या म्यानांत पातें बारमाही ठेवूं नये. म्यान व पातें निरनिराळीं गुंडाळावीं. दसऱ्याचें हळदकुंकू व पाणी पाटाला वाहावें, पात्याला नुसतें फूल पुरे. शंभर वर्षांहून जुनी वस्तु १९७२ च्या पुरावस्तु कायद्यांत येत असल्यानें ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेतां येत नाहीं, हेंही परदेशीं राहणाऱ्या मुलाबाळांनीं ध्यानांत ठेवावें.

आणि एक कागद करावा. पात्याची लांबी, वजन, खुणांचें जसेंच्या तसें रेखाटन, एकदोन छायाचित्रें. आणि त्याखालीं घरची हकीकत, ती कोणी कोणाकडून ऐकली व कोणत्या सालीं लिहिली यासह. जेथें माहीत नाहीं तेथें ‘माहीत नाहीं’ असेंच लिहावें. हा कागद म्यानांत मात्र कोंबूं नये. कागद ओल धरतो.