परत येणार का?

आपल्याकडे घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. कुणी चुकून 'जातो' म्हणालाच, तर आजी माजघरातून ओरडते, "अरे, येतो म्हण!" कोपऱ्यावरून भाजी आणायला निघालेलाही 'येतो' म्हणतो आणि रजा संपवून सरहद्दीकडे निघालेला शिपाईही तेच म्हणतो. ह्या शब्दाचा पुरावा कुणी मागत नाही. ती शपथ नव्हेच. ती इच्छा आहे, थोडीशी प्रार्थनाही आहे.

मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलात अमेरिकेची वकिलात आहे. तेथील खिडकीशी मात्र ह्या 'येतो'चा पुरावा द्यावा लागतो. आमच्या शाळेतून गेलेली काही मुले पुढे त्या खिडकीशी उभी राहतात, आणि त्यापूर्वी त्यांचे आईबाप माझ्याकडे येतात. मी मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. पण कादंबऱ्या लिहितो म्हणजे मला अर्जही लिहिता येत असणार, अशी गावाची समजूत आहे. प्रश्न सर्वांचे तेच. शिकता शिकता नोकरी करता येते का? पुढे किती वर्षे राहू देतात? आणि मग दबक्या आवाजात, "गुरुजी, परत येणार का म्हणून विचारले, तर काय सांगायचे?"

पहिल्या दोहोंना उत्तरे आहेत. वर्ग चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येते. शिक्षण झाल्यावर आपल्या विषयातले काम एक वर्ष, आणि पदवी विज्ञान-तंत्रज्ञानाची असेल तर परवानगीने आणखी चोवीस महिने. तिसरा प्रश्न कायद्याचा दिसतो, पण तो नीतीचा आहे, आणि तेथे माझी लेखणी थांबते.

अमेरिकेच्या 1952 च्या कायद्यात 214 (बी) हे कलम आहे. समोरचा माणूस कायमचा राहायलाच येत आहे, असे अधिकाऱ्याने आधी गृहीत धरायचे. तसे नाही, हे त्या माणसाने पटवून द्यायचे. न्यायालयात चोराला देखील आधी निर्दोष मानतात. येथे मनालाच आरोपी करून उभे करतात, आणि निकाल दोन-चार मिनिटांत. नकार आला तर वर अपील नाही; पुन्हा फी भरा, पुन्हा उभे राहा.

हाच मुलगा पुढे नोकरीचा, एच-वन-बी नावाचा व्हिसा मागतो तेव्हा हे गृहीत त्याला लागू नसते. 1990 च्या कायद्याने तशी मोकळीक दिली. परत जायचे मनात असो, राहायचे असो, दोन्ही असो, चालते. वकील मंडळी ह्याला 'दुहेरी हेतू' म्हणतात. व्हिसा तीन वर्षांचा, वाढवून सहा. जागा वर्षाला 85,000, मागणारे त्याहून पुष्कळ. त्यानंतरचा दरवाजा कायम वास्तव्याचा. तेथे तर राहायचे आहे असेच सांगावे लागते. म्हणजे बाविसाव्या वर्षी जो विचार मनात आणणे गैर, तो सव्विसाव्या वर्षी चालतो आणि तिसाव्या वर्षी तो असावाच लागतो!

मग पहिल्या खिडकीशी "परत येणार" म्हणालेला आणि तेथेच राहिलेला मुलगा खोटे बोलला काय? आमच्या शाळेतील एक सहकारी म्हणतात, चक्क खोटे बोलला. मला हे पटत नाही. हेतू आणि वचन ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वचन उद्याला बांधून ठेवते. हेतू फक्त आज काय वाटते ते सांगतो. कायदा विचारतो तो हेतू. बाविसाव्या वर्षी मनापासून वाटलेली गोष्ट तिसाव्या वर्षी वाटेनाशी झाली, तर आधीचे वाटणे खोटे ठरत नाही. खोटा तो, ज्याला बोलतानाच ठाऊक असते. आणि असेही असतात. त्यांची बाजू मी घेत नाही.

पण खरी गोची ह्या दोहोंच्या मध्ये आहे. परतण्याचा पुरावा म्हणून बाप घराची आणि जमिनीची कागदपत्रे फाइलीत लावतो. तीच जमीन शिक्षणाच्या कर्जासाठी गहाण पडलेली असते. येथल्या पगारात ते कर्ज फिटायचे नाही, म्हणून मुलाला तेथे काही वर्षे तरी राहावेच लागणार. जो कागद 'हा परत येईल' असे सांगतो, तोच त्याला परत येऊ देत नाही. हे बापाला कळते, मुलाला कळते. आणि आई? जिने लहानपणी खोटे बोलल्याबद्दल पाठीत धपाटा घातला, तीच आता रात्री त्याच्याकडून उत्तर घोकून घेते. ते उत्तर खरे ठरावे असे तिला वाटते, आणि ते खरे ठरले तर लोक काय म्हणतील, अशी धास्तीही वाटते. तिच्या ह्या 'दुहेरी हेतू'ला कोणत्याच कायद्यात कलम नाही.

वचनाचीच गोष्ट काढायची तर डॉ. आंबेडकरांची काढावी. 1913 साली ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, ते परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून देऊन. 1917 साली ते बडोद्याला रुजूही झाले. पण राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव सांगून एका पारशी खाणावळीत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहा-बारा लोक दारात आले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते बागेत बसून राहिले. ज्या आठवणींत त्यांनी ही हकिगत लिहिली, त्यांना त्यांनी नाव दिले आहे 'व्हिसाच्या प्रतीक्षेत'. अमेरिकेत शिकून आलेल्या माणसाला आपल्याच देशात व्हिसा हवा होता! "तू परत जाणार का?" असे तो अधिकारी विचारतो. "ते तुला परत घेणार का?" असे तो विचारत नाही. हा प्रश्न आपण आपल्याला विचारायचा असतो, आणि शेजारच्याचा मुलगा परत आला की "तिकडे जमले नाही वाटते" असे आपण पहिल्याच दिवशी म्हणून टाकतो.

आणि जे राहतात, त्यांचे? कायम वास्तव्याच्या परवान्यांत कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्क्यांहून अधिक जायचे नाहीत, असा नियम आहे. आइसलंड आणि भारत, दोघांना एकच माप. त्यामुळे नोकरीतून अर्ज केलेल्या आपल्या बहुतेक लोकांची रांग 2025 साली दहा वर्षांहून अधिक मागे होती. बाप रांगेत उभा असतो आणि मुले वाढत असतात. आईच्या कडेवरून, तीन वर्षांचे असताना सांगलीहून न्यू जर्सीला गेलेले मूल तेथल्या शाळेत शिकते, तेथल्याच बोलीत भांडते. एकवीस वर्षे पूर्ण झाली की ते बापाच्या अर्जातून गळते. मग तेथे राहण्याचा त्याला एक मार्ग उरतो, तो विद्यार्थी होण्याचा. त्यासाठी त्याला सांगावे लागते, की माझे घर सांगलीस आहे, ते सोडण्याचा माझा विचार नाही, आणि शिक्षण संपले की मी परत जाणार आहे.